वजा केलेला बुडबुडा

४ नोव्हेंबर, मंगळवार

प्रिय मुंगे,

सहा वर्षं तुला पत्र लिहिलं नाही, त्याबद्दल माफ कर. कामात होते असं लिहिलं असतं, पण माझं काम तुला ठाऊक आहे. खरं असं की तुला सांगायचं ते मी डायरीत लिहून मोकळी होत गेले, आणि एकदा लिहिलं की सांगितल्यासारखं वाटतं. सवय सोयीची आहे. चांगली नाही.

फोन का नाही, तर फोनवर तू ‘आईला दे’ म्हणतेस आणि मी देते. सहा वर्षांत आपण दोघी मिळून दोनच शब्द बोललो, तेही दोन्ही तुझे. मेल तू न उघडता पुसशील. पाकीट मात्र तुला न उघडता ठेववत नाही; लहानपणी तर दुसऱ्याच्या नावाचंही ठेववत नसे.

आई बरी आहे. डाव्या गुडघ्याला पट्टा बांधते आणि उजव्याची तक्रार करते. हे पत्र ती वाचणार आहे, पाकीट मीच चिकटवणार म्हणते, म्हणून प्रयोगशाळेचं सगळं तिला कळेल असं लिहिते. तू त्या ओळी ओलांडून पुढे जा.

तर आई, हवा काढून घेतलेल्या पोलादी पेटीत एका बारीक तोटीतून गॅसचा फवारा उडतो. त्यावर आम्ही लेझरचा एक स्पंद सोडतो. त्याला आम्ही शॉट म्हणतो. स्पंद इतका तीव्र असतो की गॅसच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात. अशा सुट्या झालेल्या गॅसला प्लाझ्मा म्हणायचं. प्रकाश त्या इलेक्ट्रॉनांना रेटत पुढे जातो आणि रेटता रेटता दमतो. त्यातला थोडा इतका दमतो की त्या गर्दीतून त्याला बाहेर पडता येत नाही. मग तो भोवतीचे इलेक्ट्रॉन हटवून एक गोल पोकळी करतो आणि तिच्यातच बसून राहतो. पोकळीनं प्रकाश धरून ठेवायचा, प्रकाशानं पोकळी उघडी ठेवायची. हलका प्रकाश टाकला तर असं काही होत नाही, तो मुकाट्यानं पार जातो. दुप्पट तीव्र केला तर दुप्पट काही व्हावं, असा हिशेब इथे चालत नाही. एका मर्यादेपलीकडे एकदम वेगळंच काही आकाराला येतं. हा बुडबुडा सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाच्या काही पटी टिकतो, फुगतो आणि विरतो. तेवढ्यात बाजूनं दुसरा मंद प्रकाश टाकून त्याची सावली टिपायची.

तोटी झिजली होती. गेल्या महिन्यात लेथवाल्या काकांनी नवी करून दिली, आणि नवीन तोटीवर बुडबुडा स्पष्ट दिसला. अकरापैकी नऊ शॉटांत. आपले साहेब, ज्यांना तू छत्री म्हणायचीस कारण ते कधी पूर्ण उघडत नाहीत, ते परवा चक्क हसले. अठ्ठावीस तारखेला शोधनिबंध पाठवायचा आहे. या तऱ्हेच्या फवाऱ्यात असा बुडबुडा आम्हीच पहिल्यांदा पाहिला, असं त्यात लिहिलं आहे.

तुला कळवावंसं वाटलं. तुझ्या चष्म्याच्या दुकानात गर्दी असते का? लोकांचे डोळे तपासताना तू अजून ओठ चावतेस का?

तुझी,
ताई

(आईचा शेरा: पोकळीपर्यंत कळलं. पुढे तुझी ताई काहीतरी गिळते आहे. तूच विचार.)


९ नोव्हेंबर, रविवार

प्रिय मुंगे,

हे पाकीट मी चिकटवणार आहे.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं नाही, पण पत्रपेटीपासून घरापर्यंत चालताना ते खरंही नाही हे कळत होतं. शोधनिबंधातलं ‘पहिल्यांदा’ हे वाक्य मी तुला बातमी असल्यासारखं सांगितलं. तू ते वाचलंस तेव्हा तुला काय वाटलं असेल याचा विचार मी पाकीट टाकल्यावर केला. आधी केला असता तर टाकलंच नसतं, म्हणून कदाचित बरंच झालं.

काय झालं ते क्रमानं सांगते.

माझं काम तुला माहीत आहे: चित्रं साफ करणं. तू मला ‘सफाई खातं’ म्हणायचीस. काचांवरची धूळ, खिडकीवरचे भाजल्याचे डाग प्रत्येक चित्रात त्याच जागी येतात. ते काढायला खरं म्हणजे कोरं चित्र हवं: गॅस नाही, मोठा लेझर नाही, नुसत्या काचा. पण एका शॉटमागे वीस मिनिटं जातात, आणि कोऱ्या चित्रांवर दिवस घालवायला कुणालाच नको असायचं. म्हणून मी माझी युक्ती काढली होती. शेवटच्या वीस शॉटांची सरासरी काढायची. हलणारं सगळं सरासरीत पुसट होऊन जातं, स्थिर असेल ते उरतं. ते उरलेलं नव्या चित्रातून वजा करायचं. अकरा वर्षं हीच पद्धत. नऊ निबंध तिच्यावर उभे आहेत.

नवी तोटी बसवली त्या दिवशी मी सरासरी बदलायला विसरले. जुन्या तोटीवर काढलेली सरासरी नव्या चित्रांतून वजा झाली. नवा बुडबुडा वरच्या बाजूला काळा, गोल, ठसठशीत दिसला. आणि त्याच्या खाली, जिथे मूळ चित्रात काहीही नव्हतं, तिथे एक पांढरी कडी उमटली. तेवढ्याच आकाराची. सहा वर्षांपूर्वी तू मूळ चित्रांवर बोट ठेवून ‘इथे बुडबुडा आहे’ म्हणायचीस, बरोबर त्या जागी.

आधी वाटलं संगणकाची गडबड. मग पुन्हा केलं. मग हात थांबला. जे आज नाही त्यातून जे काल होतं ते वजा केलं, की ते उलटं उमटतं. म्हणजे माझ्या सरासरीत तो होता. काचेवरचा डाग असता तर काचा बदललेल्या नाहीत, तो नव्या मूळ चित्रांतही दिसला असता आणि वजा होऊन गेला असता. पण तो तोटीबरोबर गेला. तो गॅसमध्ये होता.

मुंगे, तो तुझा बुडबुडा होता. तू गेल्यावरही सहा वर्षं तो जवळजवळ प्रत्येक शॉटला त्याच जागी येत राहिला, आणि जागा बदलत नाही एवढ्याच कारणानं मी त्याला रोज पुसत राहिले.

आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिला पद्धत समजावून सांगताना मी दोनदा अडखळले. सगळं ऐकून घेऊन म्हणाली, “म्हणजे जे रोज जागेवर असतं ते तू पुसतेस. मग मला बरी सोडलीस.”

मला हसू आलं आणि मग नाही आलं.

साहेबांना अजून सांगितलेलं नाही. त्यांना सांगण्याआधी खात्री करून घ्यायची आहे, असं मी स्वतःला बजावते आहे. हे कारण खरं आहे की सोयीचं, ते मला या क्षणी सांगता येत नाही.

ताई


१५ नोव्हेंबर, शनिवार

प्रिय मुंगे,

खात्री झाली.

जुनी तोटी काकांनी टाकून दिली असेल अशी मला भीती होती. खरं सांगायचं तर भीती आणि आशा दोन्ही. पण काका काही टाकत नाहीत. त्यांच्या खणात चिठ्ठ्या बांधलेल्या सगळ्या तोट्या ओळीनं आहेत, त्यांनी गेल्या वीस वर्षांत केलेल्या. त्यांनी ती भिंगाखाली धरली आणि बराच वेळ वर पाहिलंच नाही. तोंडाच्या कडेला एक खाच आहे, केसाएवढी. त्या खाचेमुळे फवाऱ्यात एका ठरावीक उंचीवर गॅस अचानक विरळ होतो, आणि बुडबुडा दर वेळी नेमका त्या पायरीवर अडकतो. नव्या तोटीत गॅस निराळ्या उंचीवर विरळ होतो, म्हणून तिथे तो वर सरकला. दर वेळी एकाच जागी का दिसायचा याचं उत्तर एवढंच.

काका म्हणाले, “धाकट्या बाईंनी विचारलं होतं मला. काका, हिची कड खरचटली आहे का, बघता? मी म्हटलं, माझ्या हातची तोटी आहे, खरचटेल कशी. बघितलंसुद्धा नाही.” मग भिंग पुसत म्हणाले की तुम्ही लिहीत असाल तर माझंही लिहा. लिहिलं.

गुरुवारी ती जुनी तोटी पुन्हा बसवली. साहेब दोन दिवस बाहेरगावी होते, त्यामुळे विचारायला कुणी नव्हतं. या वेळी आधी दहा कोरी चित्रं घेतली, दहाही वीस-वीस मिनिटांनी, घाई न करता. मग सोळा शॉट. कोरं चित्र वजा करून पाहिलं. सोळापैकी चौदांत तुझा बुडबुडा तुझ्या जागी. दहा कोऱ्या चित्रांत एकदाही नाही.

दहा कोरी चित्रं. दुपारच्या जेवणाआधी झालीसुद्धा.

आता जे मी दोन पत्रं टाळलं ते लिहिते. ज्या बैठकीनंतर तू प्रयोगशाळा सोडलीस, तिच्या आदल्या आठवड्यात तू माझ्या टेबलाशी आली होतीस. हातात बुडबुडा दिसलेल्या सतरा चित्रांची यादी होती. म्हणालीस, ताई, मला दहा कोरे शॉट घेऊ दे, तू म्हणालीस तर साहेब नाही म्हणणार नाहीत. मी म्हटलं, काही गरज नाही, माझी पद्धत चोख आहे. तू पुन्हा विचारलंस. मी म्हटलं, तुला डाग बघायची हौस आहे. हे वाक्य डायरीत आहे, त्याच दिवसाखाली, आणि त्याच्यापुढे मी लिहिलं आहे: ‘जरा जास्त बोलले, पण तिला कुणीतरी सांगायला हवं.’

बैठकीत साहेबांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, तुमच्या साफ केलेल्या चित्रांत आहे का? मी म्हणाले, नाही. ते उत्तर खरं होतं. तू ज्या नजरेनं माझ्याकडे पाहिलंस ती मला अजून आठवते, कारण तिच्यात राग नव्हता. तू वाट पाहत होतीस, मी आणखी एक वाक्य बोलेन म्हणून. ‘पण तिनं कोरे शॉट मागितले होते, आणि मी घेऊ दिले नाहीत.’ एवढंच वाक्य होतं ते. मी खाली कागद जुळवत बसले.

ही चूक होती की दुसरं काही, हे मी सहा वर्षं स्वतःला विचारलं नाही. आता विचारते. मी पदवीवर थांबले, तू पुढे गेलीस. तुला त्या प्रयोगशाळेत मीच आणलं. तू पहिल्याच वर्षी असं काही पाहिलंस जे मी पाच वर्षं पाहत असूनही पाहिलं नव्हतं. मला तुझा हेवा वाटत होता असं मला वाटत नाही. पण कोरे शॉट घ्यायला मला भीती का वाटली, याला दुसरं कारण सापडत नाही. इतकंच प्रामाणिकपणे लिहिता येतं.

शुक्रवारी साप्ताहिक बैठक आहे. निबंध जायला त्यानंतर एक आठवडा उरेल. आई म्हणते, पोटात ठेवून ठेवून तुझं पोट दुखायला लागेल, एकदा बोलून टाक. तिचं वैद्यकीय ज्ञान सगळं असंच आहे.

ताई


२१ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रिय मुंगे,

बोलले.

साहेब एरवी बैठकीची सुरुवात स्वतः करतात. मी आधी हात वर केला, शाळेतल्यासारखा, आणि मग उभी राहिले, जे तिथे कुणी करत नाही. खोलीत नऊ माणसं होती. काका सोडले तर तुझ्या वेळचे फक्त साहेब आणि मी. काकांना मी बोलावलं होतं. ते दाराशीच उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

मी भिंतीवर तीन चित्रं लावली. पहिलं मूळ, तुझ्या यादीतलं. दुसरं त्याचंच माझ्या पद्धतीनं साफ केलेलं, कोरं करकरीत. तिसरं तेच, पण गेल्या आठवड्यातल्या गुरुवारच्या कोऱ्या चित्रानं साफ केलेलं. तिथल्या एका मुलीनं आपणहून उठून पडद्याजवळ जाऊन पाहिलं. मग मी ते एक वाक्य बोलले, सहा वर्षं उशिरा. तुझं पूर्ण नाव घेऊन बोलले. आवाज फुटला नाही. फुटेल म्हणून मी ते लिहून नेलं होतं आणि वाचून दाखवलं.

साहेब म्हणाले, “हे अठ्ठावीस तारखेनंतर सांगता आलं असतं.”

मी म्हणाले, “सहा वर्षांपूर्वीही सांगता आलं असतं.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांच्यावर तुझा राग आहे हे मला माहीत आहे, आणि तो चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. पण त्यांनी पुढे जे केलं तेही लिहिलं पाहिजे. ते म्हणाले, जे नेहमी एकाच जागी दिसतं तो डाग समजायचा, हा नियम मी शिकवला. तुम्ही तो फार नीट पाळलात. मग त्यांनी निबंध उघडला, सगळ्यांसमोर ‘पहिल्यांदा’ हे वाक्य खोडलं, आणि मला विचारलं, “त्यांचा पत्ता आहे तुमच्याकडे?”

“पत्ता आहे,” मी म्हणाले. “बोलणं नाही.”

ठरलं ते असं. निबंध अठ्ठावीसला जाणार नाही. तुझ्या वेळची चित्रं त्यात येतील, आणि तुझी परवानगी असेल तर तुझं नाव पहिलं. ही मेहेरबानी नाही, क्रम तसाच आहे. माझी पद्धत आजपासून बंद. जुने नऊ निबंध तपासायचे आहेत. ते काम माझंच, पण ती पडद्याजवळ गेलेली मुलगी माझ्यावर देखरेख करणार आहे. माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहे. आजच तिनं विचारलं, ताई, ही फाइल इथे का ठेवली? अकरा वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं.

घरी आल्यावर आईनं चेहरा पाहून विचारलं की नोकरी गेली का. नाही म्हटलं. मग तोंड का असं, म्हणाली. हलकं वाटतं आहे असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. तुला काय वाटतं ते कळल्याशिवाय काहीच वाटत नाही.

साहेब तुला वेगळं पत्र लिहितील. त्याला उत्तर द्यायचं की नाही ते तू ठरव. माझ्याही पत्राला द्यायलाच हवं असं नाही. पण नावाचं मात्र कळव, म्हणजे हो की नाही. तू पाहिलंस हे तुझ्या नावानं छापलं जावं, एवढंच मला आता हवं आहे. आणि तेही तुला नको असलं तर मला ते ऐकून घ्यावं लागेल, हेही मी लिहून ठेवते.

ताई


१६ डिसेंबर, मंगळवार

प्रिय मुंगे,

तुझं पत्र काल आलं. आईनं ते माझ्या हातात दिलं तेव्हा उघडलेलं होतं, त्यावरून तुझी सवय कुणाकडून आली ते कळलं. ती म्हणाली, “एक पान आहे, पण तिखट आहे.”

तू लिहिलंस ते मी इथे पुन्हा लिहून काढते, कारण मला ते डायरीतही हवं आहे आणि मूळ पत्र सारखं हाताळून मळेल.

‘ताई, चारही पत्रं पोचली. पहिलं फाडलं, मग चिकटवलं. तुला माफ केलं की नाही हे मला माहीत नाही आणि तू विचारलं नाहीस ते बरं केलंस. माझ्या यादीत सतरा चित्रं होती. त्यातलं बाविसाव्या शॉटचं चित्र खोटं आहे. तो बुडबुडा नव्हता, काचेवरचा ठसा होता, बाकीच्यांपेक्षा थोडा डावीकडे. मला ते तेव्हाच दिसलं होतं. सोळापेक्षा सतरा भारदस्त वाटले म्हणून ठेवलं. तू ‘डाग बघायची हौस’ म्हणालीस तेव्हा मला वाटलं तुला हेच कळलं आहे, म्हणून मी तिसऱ्यांदा विचारलं नाही आणि बैठकीत भांडले नाही. सहा वर्षं मी तुझ्यावर रागावले, त्यातले निम्मे दिवस स्वतःवर होते. नावाचं आत्ता हो म्हणणार नाही. माझी सगळी मूळ चित्रं मला पाठव, साफ न करता. मी पुन्हा मोजते. जितकी निघतील तितक्यांवर नाव घाल. बुडबुडे दहाच निघाले तरी चालेल.’

मी हे सकाळपासून किती वेळा वाचलं ते लिहीत नाही.

‘डाग बघायची हौस’ हे वाक्य मी नुसतं चिडून बोलले होते, मुंगे. बाविसावा शॉट मला माहीतसुद्धा नव्हता. एका बेसावध वाक्यानं तुझं तोंड बंद झालं आणि मी समजत राहिले की तू माझी लबाडी ओळखून गप्प बसलीस. आपण दोघी एकाच खोलीत, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना, आपापली गोष्ट झाकून बसलो होतो.

आज दुपारी तुझी फाइल उघडली. सेहेचाळीस चित्रं आहेत, एकही पुसलेलं नाही. मूळ चित्रं मी कधीच पुसत नाही, हा एक गुण माझ्यात होता. बाविसावं उघडलं. ठसा आहे, तू म्हणतेस तसा, डावीकडे. खरं म्हणजे अंगठा आहे, रेषासुद्धा दिसतात. माझा हात सवयीनं माउसवर गेला. तो ठसा काढून टाकणं, निदान त्यावर एक खूण करणं, निदान फाइलच्या नावापुढे ‘हे सोड’ लिहिणं. तुझा वेळ वाचेल, असं कारणही तयार होतं. माझ्याकडे अशी कारणं नेहमी तयार असतात.

देखरेखवाली मुलगी शेजारी होती. म्हणाली, ताई, काही करताय का? मी म्हणाले, नाही. आणि फाइल बंद केली.

साहेबांची परवानगी घेतली आहे. फायली अवजड आहेत म्हणून डिस्कवरच पाठवाव्या लागतील. कोरी चित्रं वेगळ्या फोल्डरमध्ये घालते, ती लागतील. तू किती मोजतेस ते तू सांगेपर्यंत मी माझा आकडा सांगणार नाही. मी मोजलेलेच नाहीत. मोजायचा मोह झाला होता, हे खरं.

तुझी,
ताई

उद्या: मुंगीची सेहेचाळीस मूळ चित्रं, एकालाही हात न लावता, टपालात टाकणे.